लायन गेटच्या आतली मुंबई

प्रश्न असा आला आहे: "माझे आजोबा मुंबईच्या नौदल गोदीत सुतार होते. मी वास्तुरचना शिकते. मुंबई गिरण्यांनी घडवली, बंदराने घडवली, असं सगळीकडे वाचलं. गोदीने घडवली असं मात्र फक्त आजोबांच्या तोंडून ऐकलं. हे खरं आहे का? आणि आत जायची परवानगी नसेल तर ते शहरात कुठे दिसेल?"

आजोबांचं म्हणणं खरं आहे. मी त्याच गोदीत ३४ वर्षं काढली, बहुतेक सगळी जहाज सुक्या गोदीत घेण्याच्या कामावर. शिकाऊ म्हणून लागलो आणि फोरमन म्हणून बाहेर पडलो. आत काय काय आहे ते सांगणार नाही. जे जगजाहीर आहे आणि जे कुठल्याही गोदीत सारखंच असतं, तेवढंच लिहितो. त्यातूनही तुमचं उत्तर मिळेल.

आधी एक गोंधळ दूर करू, कारण तो जुन्या मुंबईकरांचाही होतो. मुंबईत तीन वेगळ्या गोष्टींना लोक 'डॉक' म्हणतात. पहिली बंदराच्या व्यापारी गोद्या, म्हणजे प्रिन्सेस, व्हिक्टोरिया, अलेक्झांड्रा (आता इंदिरा गोदी). त्या १८७३ साली स्थापन झालेल्या पोर्ट ट्रस्टच्या. दुसरी माझगाव गोदी, जिथे नवी जहाजं आणि पाणबुड्या बांधतात. तिसरी नौदल गोदी, फोर्टच्या कुशीत, टाउन हॉलच्या मागून लायन गेट या तिच्या दरवाजाच्या पुढपर्यंत पसरलेली. इथे आज मुख्य काम दुरुस्तीचं. डॉकयार्ड रोड स्टेशन या तिसऱ्या गोदीपासून बरंच लांब आहे, ते माझगावचं. नवीन भरती झालेली मुलं पहिल्या दिवशी तिथे उतरून घाम पुसत लायन गेटला पोहोचायची, असं दर वर्षी एकदा तरी व्हायचं. तुमचे आजोबा तिसऱ्या गोदीतले, आणि तिघींमध्ये थोरली तीच.

आता गोदी इथेच का झाली ते बघा. पावसाळ्यात पेपरात येतं, "आज ४.५ मीटरपेक्षा मोठी भरती, किनाऱ्यावर जाऊ नका." तुम्ही ते वाचून छत्री उचलता. आमच्या धंद्यात मुंबईची सगळी किंमत त्या एका आकड्यात आहे. सुकी गोदी म्हणजे किनाऱ्यात खोदलेला दगडी हौद. भरतीला पाणी आत येतं, त्यावर तरंगत जहाज आत येतं, मागे दरवाजा लागतो. ओहोटी लागली की बरंचसं पाणी आपोआप बाहेर जातं, उरलेलं उपसायचं. पंप नव्हते तेव्हा समुद्र स्वतःच हे काम करायचा, पण भरती-ओहोटीत माणसाच्या दोन-अडीच उंचीइतका फरक असेल तरच. तो फरक मुंबईत उधाणाला मिळतो. शिवाय बंदर पूर्वेकडे तोंड करून आहे. नैर्ऋत्येचा पाऊस-वारा येतो तो बेटाच्या पाठीवर, पोटाशी पाणी शांत. पश्चिम किनाऱ्यावर असा खोल, निवाऱ्याचा आणि भरतीचा मेळ फार थोड्या ठिकाणी जमतो.

जागा होती, पण हात नव्हते. जहाजं बांधायची ती सुरतेला. ईस्ट इंडिया कंपनीने मुंबई १६६८ साली वर्षाला १० पौंड भाड्याने घेतली आणि १६८७ मध्ये आपलं मुख्य ठाणं सुरतेहून इकडे हलवलं, तरी जहाजबांधणी सुरतेलाच राहिली. आणि गरज तर रोज वाढत होती. कान्होजी आंग्रे १७२९ साली गेले, पण आंग्र्यांच्या आरमाराचा धाक काही गेला नव्हता. कोकण किनाऱ्यावरून कंपनीचं जहाज सुखरूप यायचं तर सोबत लढाऊ जहाजं हवीत, आणि लढाऊ जहाजं हवीत तर ती घरच्या घरी दुरुस्त व्हायला हवीत. माझं ठाम मत आहे की मुंबईची गोदी उभी राहण्यात मराठ्यांच्या आरमाराचा वाटा सुरतेच्या सुतारांइतकाच आहे. धाक त्यांचा होता म्हणून खर्च मंजूर झाला.

१७३६ साली लवजी नसरवानजी हा तरुण पारशी सुतार सुरतेहून आपल्यासोबत काही कारागीर घेऊन मुंबईला आला. कंपनीच्या डडली नावाच्या माणसाने त्याचं काम सुरतेला पाहिलं होतं. वाडिया हे त्या घराण्याचं आडनाव म्हणजे मुळात धंद्याचं नाव, जहाज बांधणारा. पुढची जवळजवळ दीडशे वर्षं मुंबईच्या गोदीचा मुख्य कारागीर याच घरातला होता आणि या काळात त्यांच्या हातून तीनशेहून अधिक जहाजं पाण्यात उतरली. लवजी आला त्यानंतर तीनच वर्षांनी, १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांनी वसई घेतली. मुंबईत इतकी घबराट पसरली की व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून फोर्टभोवती खंदक खोदायला पैसे दिले. गोदीची पहिली वर्षं अशा वातावरणात गेली.

पहिली दगडी सुकी गोदी १७५० ला पुरी झाली. आशियातली ती पहिली सुकी गोदी मानतात. मग १७६२ आणि १७६५ मध्ये तिला जोडून आणखी दोन झाल्या. १८०७ ते १८१० या काळात डंकन गोदी बांधली, गव्हर्नर जोनाथन डंकनच्या नावाची. मी जिथे काम शिकलो ती हीच. दोनशे वर्षांहून जुन्या त्या दगडी पायऱ्यांवर अजून जहाजाला टेकू लागतात. तुम्ही वास्तुरचनेच्या म्हणून सांगतो: मुंबईत सुंदर म्हणून दाखवल्या जाणाऱ्या बहुतेक इमारती या पायऱ्यांहून लहान आहेत वयाने, आणि त्यांतल्या एकीवरही दर भरतीला समुद्र येऊन ढकलत नाही.

सागवानाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण आजोबा सुतार होते. इंग्लंडमध्ये जहाजं ओकची. नेपोलियनशी लढता लढता तिथल्या ओकची टंचाई झाली. मलबारचं सागवान इकडे सहज येत होतं. सागात तेल असतं, त्यामुळे तो खाऱ्या पाण्यात लवकर कुजत नाही आणि त्यात ठोकलेल्या लोखंडी खिळ्याला गंज कमी धरतो. ओकमधलं आम्ल उलट खिळा खातं. खिळा गेला की फळी सुटली, फळी सुटली की जहाज गेलं. म्हणून ब्रिटिश आरमाराने, मोठ्या संकोचानंतर, आपली लढाऊ जहाजं मुंबईत बांधायला काढली. १८१० मध्ये जमशेटजी बोमनजी वाडियांनी 'मिंडेन' पाण्यात सोडलं. ब्रिटनच्या बाहेर बांधलेलं, ओळीत उभं राहून लढणारं त्यांचं हे पहिलं मोठं युद्धजहाज.

१८१३ चं 'कॉर्नवॉलिस' घ्या. १८४२ च्या ऑगस्टमध्ये नानकिंगचा तह झाला आणि हाँगकाँग इंग्रजांकडे गेलं, त्या सह्या या जहाजावर झाल्या. म्हणजे चीनच्या इतिहासाचं ते पान मुंबईच्या सुतारांनी रंधलेल्या फळ्यांवर लिहिलं गेलं. १८१५ चं 'वेलस्ली' पुढे नाव बदलून शिकाऊ मुलांचं जहाज झालं आणि १९४० मध्ये जर्मन विमानांच्या बॉम्बने टेम्स नदीत बुडालं. सव्वाशे वर्षांचं होऊन. १८२४ चं 'एशिया' ग्रीसच्या किनाऱ्यावरच्या नवारिनोच्या लढाईत अॅडमिरल कॉड्रिंग्टनचं मुख्य जहाज होतं. आणि १२ ऑक्टोबर १८१७ ला पाण्यात सोडलेलं 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडच्या हार्टलपूलमध्ये तरंगतं आहे. त्याचे नकाशे ज्या जहाजातून मुंबईला निघाले ते जहाज वाटेत अमेरिकन नौदलाने बुडवलं, म्हणून नकाशे पुन्हा यावे लागले आणि काम लांबलं. तुमची कधी तिकडे फेरी झाली तर डेकखाली उतरून लाकडावर हात ठेवा. तो साग मुंबईत कापलेला आहे.

नव्या जहाजाच्या लाकडात चांदीचा खिळा ठोकायचा विधी वाडिया करायचे. मानाचं बक्षीस म्हणून मुख्य कारागिराला चांदीची फूटपट्टी मिळायची. चांदीची पट्टी मिळालेले हे लोक पगाराने मात्र इंग्रज अधिकाऱ्याच्या कितीतरी खाली असायचे, आणि ते त्यांना कळत होतं.

पुढे वाफ आली. १८२९ साली मुंबईच्या गोदीत 'ह्यू लिंडसे' हे वाफेचं जहाज तयार झालं आणि २० मार्च १८३० ला सुएझला निघालं, महिनाभराने पोहोचलं. कोळशाचे ढीग डेकवर रचून. सुताराच्या गोदीत आता ओतारी, लोहार आणि फिटर आले. याच घराण्यातले अर्देशर कर्सेटजी यांनी १८३४ मध्ये माझगावच्या आपल्या घरात गॅसचे दिवे लावून दाखवले, १८४१ मध्ये गोदीच्या वाफ-कारखान्याचे मुख्य अभियंता झाले आणि त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. त्यांच्या हाताखाली युरोपियन कामगार होते. मुंबईत पहिली आगगाडी धावली १८५३ ला, पहिली कापडगिरणी त्याच दशकात. म्हणजे इंजिन उघडून पुन्हा जोडता येणारी माणसं या शहरात गिरणीच्या आधीपासून होती, आणि ती गोदीत होती. गिरण्यांनी मुंबई घडवली हे मी नाकारत नाही. पण यंत्राला न घाबरणारा मुंबईचा कामगार आधी गोदीने घडवला, असं मी म्हणतो. तुमच्या प्रश्नाचं माझं खरं उत्तर हेच. गोदीने जहाजं बांधली ती गेली. हात घडवले ते शहरात राहिले.

हे हात कसे घडतात ते एका प्रसंगातून सांगतो. जहाज सुक्या गोदीत घ्यायचं तर काम आठवडाभर आधी सुरू होतं. गोदीच्या तळावर लाकडी ठोकळ्यांची रांग मांडायची. प्रत्येक जहाजाच्या तळाचा घाट वेगळा, म्हणून ठोकळ्यांची उंची नकाशावरून ठरते आणि दोरी ताणून तपासली जाते. एक ठोकळा बोटभर वर राहिला तर हजारो टनांचा भार त्या एकावर येतो. भरतीच्या वेळी जहाज दोरांनी ओढत आत घेतात. दोन्ही काठांवर माणसं, एक दोर ढिला, एक ताठ. दरवाजा म्हणजे पोकळ लोखंडी पेटी. ती तरंगत आणून जागेवर बुडवतात, की तोंड बंद. मग पंप सुरू.

सगळ्यांत नाजूक वेळ यानंतर येते. जहाजाची पिछाडी साधारणपणे थोडी खाली असते, म्हणून ती आधी टेकते. नाळ, म्हणजे पुढचं टोक, अजून पाण्यावर. तेवढी काही मिनिटं जहाज धड पाण्याचं नसतं, धड लाकडाचं नसतं. या वेळी ते एका बाजूला झुकलं तर सावरता येत नाही. कुणी मोठ्याने बोलत नाही. पाणी हळूहळू उतरतं, आणि बाजूचे टेकू पाचरी मारून घट्ट करत जायचं. आमचे मिस्त्री गुहागरकडचे होते, शाळा चौथीपर्यंत. ते पाचरीवर घणाचा ठोका मारायचे आणि आवाज ऐकून सांगायचे, "हा बसला. तो पुढचा अजून उपाशी आहे." मला पहिली दोन वर्षं सगळे ठोके सारखेच ऐकू आले. तिसऱ्या वर्षी एका रात्री फरक ऐकू आला. मी काही बोललो नाही, पण त्यांनी माझ्या तोंडाकडे बघून घण माझ्या हातात दिला. पुस्तकात हा फरक लिहिता येत नाही. तो या कानातून त्या कानात जातो.

पाणी पूर्ण उतरलं की तळाला चिखल, जहाजाच्या पोटावर शेवाळ आणि शिंपल्यांचा थर, आणि खळग्यांत अडकलेले मासे. शिंगाळे, बोयटं. रात्रपाळीचे लोक ते पकडायचे. तो वास एकदा नाकात गेला की माणूस निवृत्त झाला तरी जात नाही.

हे हात आले कुठून? सुतार सुरतेचे पारशी, खारवी गुजरातचे, कोळी इथलेच. पण गर्दी कोकणची. रत्नागिरी जिल्ह्यातला माणूस जन्मापासून होडीशी ओळख असलेला, आणि शेती वर्षाला पुरेल एवढी नाही. किनाऱ्याने बोटी चालायच्या, त्या भाऊच्या धक्क्याला लागायच्या. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य यांनी १८४१ मध्ये बांधलेला हा धक्का; भाऊ म्हणजे तेच. बोटीतून उतरलेला मुलगा पत्र्याची ट्रंक घेऊन गावकऱ्यांच्या खोलीवर जायचा. एका खोलीत पंधरा-वीस पुरुष, ज्याची त्याची ट्रंक भिंतीला, वळकटी वर टांगलेली. दिवसपाळीचा उठला की रात्रपाळीचा तिथेच आडवा. जेवण खानावळीवाल्या बाईकडे. गावच्या मंडळाचा हिशेब, भजन, कुणी आजारी पडला तर वर्गणी, सगळं त्या खोलीत. गोदीत जागा आहे ही बातमी जाहिरातीआधी या खोल्यांत पोहोचायची. काका लागला की पुतण्या यायचा. म्हणूनच एकेका गावात एकेक धंदा दिसतो: या वाडीतले सगळे वेल्डर, त्या वाडीतले सगळे दोरकाम करणारे. आणि गणपतीच्या आठवड्यात मोठं जहाज गोदीत घ्यायचा बेत करायचा नाही, हे कुठे लिहिलेलं नव्हतं. सगळ्यांना ठाऊक होतं.

आता शहराच्या आकाराकडे वळतो, तुमच्या विषयाकडे. जुन्या फोर्टचा नकाशा समोर ठेवा. पूर्वेला किल्ला आणि त्याला लागून गोदी, समोर मोकळं मैदान, भोवती तट आणि तटाला तीन दरवाजे. सगळं शहर गोदीकडे तोंड करून बसलेलं आहे. लायन गेटसमोर जी ग्रेट वेस्टर्न इमारत आहे, ती अठराव्या शतकात अॅडमिरल्टी हाऊस होती. १८६० च्या दशकात गव्हर्नर फ्रिअरने तट पाडला, चर्चगेट फक्त नावाला उरला. शहर पश्चिमेला आणि उत्तरेला पसरलं, पण गोदी हलली नाही. हलवता येत नाही; दगडी हौद गाडीवर घालून नेता येत नाही. फोर्टचा उत्तम किनारा नौदलाने धरून ठेवल्यामुळेच, माझ्या मते, व्यापारी गोद्या उत्तरेला सरकल्या: १८८० ला प्रिन्सेस, मग व्हिक्टोरिया, १९१४ ला अलेक्झांड्रा. या शेवटच्या गोदीतून निघालेल्या दगडमातीने समुद्र बुजवून २२ एकरांची बॅलार्ड इस्टेट झाली. तिथल्या त्या एकसारख्या देखण्या इमारती म्हणजे गोदीच्या खड्ड्याची माती वर आलेली. गोद्यांच्या मागे गोदामं, गोदामांच्या मागे रेल्वे. भारतातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदरहून कुर्ल्याला गेली ती याच हार्बर मार्गाने.

नावंही बघा. दारूखाना म्हणजे दारूगोळ्याचं कोठार. लकडी बंदर, कोळसा बंदर, मस्जिद बंदर. ज्या फ्रिअरच्या नावाचा रस्ता होता, तो आता पी. डिमेलो रस्ता आहे, गोदी कामगारांच्या पुढाऱ्याच्या नावाचा. आणि ज्या किल्ल्यात बसून कंपनीने आंग्र्यांविरुद्ध मोहिमा आखल्या, त्या जागेवरच्या नौदल तळाचं नाव १९५१ पासून 'आयएनएस आंग्रे' आहे. मी रोज त्या पाटीवरून जायचो आणि रोज बरं वाटायचं.

याची किंमतही शहराने मोजली आहे. मुंबईकराला समुद्र म्हटलं की चौपाटी आणि मरीन ड्राइव्ह आठवतात, म्हणजे पश्चिमेचा समुद्र. पूर्वेचा, जो खरा कामाचा, तो भिंतीआड. गेटवे, भाऊचा धक्का, शिवडी, एवढ्याच ठिकाणी सामान्य माणूस त्याच्याजवळ जातो. नौदलाची भिंत मला पटते, तिथे पर्याय नाही. पण व्यापारी बंदराच्या ज्या जमिनी आता पडून आहेत, त्या लोकांना समुद्राजवळ जायला मोकळ्या व्हाव्यात, असं मला मनापासून वाटतं. तुमच्या पिढीच्या वास्तुरचनाकारांनी यावर बोलायला हवं.

भिंतीआडचा धोकाही शहराने सोसला. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' हे दारूगोळा आणि कापसाने भरलेलं जहाज फुटलं. मांडवी-मस्जिदचा भाग जळाला, शेकडो माणसं गेली. ६६ अग्निशामक गेले; देशभरात १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात तो त्यांच्यासाठी. आणि १३-१४ ऑगस्ट २०१३ च्या रात्री नौदल गोदीत 'सिंधुरक्षक' पाणबुडीत स्फोट झाला, १८ नौसैनिक गेले. यावर मी अधिक लिहू शकत नाही.

१९४६ चा फेब्रुवारी मात्र प्रत्येक मुंबईकराला माहीत असायला हवा. १८ तारखेला 'तलवार' या तळावर नौसैनिकांनी निकृष्ट अन्न आणि अपमानाची वागणूक यांविरुद्ध काम बंद केलं. दोन दिवसांत ते ७८ जहाजांवर आणि किनाऱ्यावरच्या २० तळांवर पसरलं. सुमारे २०,००० नौसैनिक. २१ तारखेला कॅसल बॅरॅक्सवर, म्हणजे आजच्या आंग्रेवर, गोळीबार झाला. बंदरातल्या जहाजांवर अन्न संपत आलं तेव्हा गेटवेवर लोकांनी घरून डबे, फळं, पाव आणून दिले. २२ तारखेला लालबाग-परळचे गिरणी कामगार त्यांच्यासाठी रस्त्यावर आले आणि गोळ्या झेलल्या. दोनशेहून अधिक माणसं त्या दिवसांत गेली. गिरणीची मुंबई आणि गोदीची मुंबई वेगळी आहे असं कुणी म्हणालं, तर मी ही तारीख सांगतो. एकाच खोलीत एक भाऊ साच्यावर जाणारा, दुसरा जहाजावर. कुणासाठी कोण उभं राहिलं हे वेगळं सांगावं लागलं नाही.

स्वातंत्र्यानंतरचं लवकर सांगतो, कारण ते सहज वाचायला मिळेल. माझगाव गोदी १९६० मध्ये सरकारने घेतली. १९६८ ला तिथे 'नीलगिरी' पाण्यात उतरली आणि १९७२ ला नौदलात आली. ब्रिटिश आराखड्यावरची, पण आपल्या हातांनी बांधलेली पहिली फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची युद्धनौका. १९९२ ला 'शाल्की', देशात बांधलेली पहिली पाणबुडी. नौदल गोदी या सगळ्यांचं माहेर. जहाज बांधायला काही वर्षं लागतात, सांभाळावं लागतं तीस वर्षं. बांधणाऱ्याचं नाव पाटीवर येतं, सांभाळणाऱ्याचं येत नाही, पण समुद्रावर जहाज टिकतं ते दुसऱ्यामुळे.

एक उणीव मात्र फार वर्षं होती. विमानवाहू जहाजाच्या तळाचं काम करायला मोठी गोदी मुंबईत नव्हती. 'विराट' आणि 'विक्रमादित्य' यांना त्यासाठी कोचीला जावं लागे. २८ सप्टेंबर २०१९ ला नवी गोदी सुरू झाली: २८१ मीटर लांब, ४५ मीटर रुंद, जवळजवळ १७ मीटर खोल. काठोकाठ भरली तर २० कोटी लिटरांहून जास्त पाणी. त्याच दिवशी 'खांदेरी' पाणबुडी नौदलात आली. खांदेरी बेटावरचा किल्ला शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये बांधायला घेतला, तो मुंबईच्या इंग्रजांच्या नाकासमोर. इंग्रजांनी जंग जंग पछाडलं तरी काम थांबलं नाही. नवी गोदी सुरू झाली तेव्हा मी निवृत्त झालो होतो. बातमी घरी टीव्हीवर पाहिली आणि मिस्त्रींची आठवण आली.

आता बाहेरून काय पाहायचं. एका रविवारी सकाळी सीएसएमटीहून चालत निघा. बॅलार्ड इस्टेटमधून जा, बॅलार्ड बंदर गेटहाऊस पाहा. १९२० ची वास्तू, नौदलाने दुरुस्त करून तिथे छोटं संग्रहालय केलं आहे. पुढे टाउन हॉलच्या पायऱ्यांवर उभं राहून पूर्वेकडे तोंड करा. मागे हॉर्निमन सर्कल, म्हणजे जुनं मैदान, समोर, टाउन हॉलच्या मागे, किल्ल्याची जागा. तिथून शहीद भगतसिंग मार्गाने लायन गेटला या. गेटजवळ 'विक्रांत'चं स्मारक आहे. १९६१ ला आलेलं, १९९७ ला निवृत्त झालेलं ते जहाज २०१४ मध्ये दारूखान्यात तोडायला घेतलं, त्याच्या धातूचा काही भाग या स्मारकात आहे. मग गेटवे, आणि तिथून घारापुरीची लाँच. लाँच सुटल्यावर लगेच लेण्यांच्या दिशेला बघू नका. मागे वळून किनाऱ्याकडे बघा. करड्या रंगाची जहाजं, क्रेन, आणि त्यांच्या मागे ताजच्या घुमटापासून टाउन हॉलपर्यंतचं शहर. फोटो काढायला बंदी असेल तर काढू नका; डोळ्यांनी पाहिलेलं पुरतं. मुंबई मुळात समुद्राकडून पाहायची आहे, हे तिथे पाच मिनिटांत कळतं. नकाशावर कळायला मला बरीच वर्षं लागली.

शेवटी एक विचारतो. आजोबांची हत्यारांची पेटी घरात आहे का? सुतार होते म्हणता, तर तिच्यात लाकडी मोगरी आणि बोथट, रुंद तोंडाची लोखंडी पटाशी असण्याची शक्यता आहे. ती कापायची नव्हे; लाकडी होड्यांच्या आणि डेकच्या फळ्यांमधल्या फटीत धागा ठोकून बसवायची, वरून डांबर ओतायच्या आधी. घरचे लोक ती मोडकी पटाशी समजून भंगारात देतात. मोगरीच्या तोंडावर एका बाजूला जास्त झीज दिसेल. आजोबा उजव्या हाताने मारायचे की डाव्या, ते त्यावरून सांगता येतं. फोटो पाठवलात तर मी सांगेन.